दोन काठ, एक नाव

संपादकांचे पत्र दरवर्षी आषाढात येते. मजकूर ठरलेला असतो. "दिवाळी अंकासाठी नेहमीच्या पानापेक्षा थोडे सविस्तर लिहावे, आणि विषय प्रसन्न असावा." आता मराठीच्या प्राध्यापकाला प्रसन्न विषय कुठून सुचायचा? त्याचे अर्धे आयुष्य शोकगीते शिकवण्यात आणि उरलेले अर्धे उत्तरपत्रिका तपासण्यात जाते. मी पत्र हातात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात सौभाग्यवती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "एवढा विचार कसला करता? आपल्या बेटाचं लिहा की!"

आपले बेट! हिवरा आश्रमात राहणाऱ्या माणसाने 'आपले बेट' म्हणावे, हे ऐकून वाचकांना हसू येईल. आमचे गाव बुलढाणा जिल्ह्यातले, मेहकर तालुक्यातले. समुद्र म्हणाल तर कुठल्याही दिशेला निघा, शेकडो किलोमीटर चालावे लागेल. आमचे वैभव जमिनीवरचे. १९६५ साली शुकदास महाराजांनी इथे विवेकानंद आश्रम स्थापन केला आणि त्या आश्रमावरूनच गावाला लोक ओळखू लागले. विवेकानंद जयंतीला शेतात लाखाची पंगत बसते. पुरी आणि वांग्याची भाजी वाढायला चक्क ट्रॅक्टर फिरतात. पाणी पाहावेसे वाटले तर कोराडीचे धरण आहे. बेट मात्र आम्ही फक्त भूगोलाच्या पुस्तकात पाहिलेले.

तर हे बेटाचे वेड घरात शिरले ते माझ्या भाचीमुळे. ती नवऱ्याबरोबर जर्मनीत असते. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती दोघे ग्रीसला सुट्टीला गेली आणि तिथून तिने मोबाइलवर फोटोंचा पाऊस पाडला. अथेन्सच्या बंदरातून बोट धरायची, एका बेटावर उतरायचे, दिवसभर पायी भटकायचे, संध्याकाळी पुढची बोट. त्यांतले एक बेट हायड्रा नावाचे. तिथे मोटारींना बंदी आहे. सामान वाहायला गाढवे आणि खेचरे. पांढरी घरे, दगडी पायऱ्या, निळे पाणी. आमचे चिरंजीव सातवीत आहेत. ते म्हणाले, "बाबा, गाढवं तर आपल्याकडेही आहेत. मग आपल्याकडे कुणी सुट्टीला का येत नाही?" मला उत्तर सुचले नाही.

कन्या कॉलेजात आहे. तिने हिशेब मांडला. ग्रीसचे विमानभाडे आणि माझा पगार यांची तुलना करून तिने वही मिटली. मग दोन दिवसांनी तीच म्हणाली, "बाबा, गोव्यात नदीतली बेटं आहेत. फेरीबोटीने जायचं, पायी फिरायचं, परत यायचं. आणि पायी माणसाला फेरीचं तिकीटच नाही." ही शेवटची माहिती घरात निर्णायक ठरली. बेत झाला तो दिवाडी बेटाचा. जुन्या गोव्यासमोर मांडवीच्या पात्रात हे बेट आहे. त्याचे प्राचीन नाव दीपवती असे सांगतात. दिवाळीच्या सुट्टीत जायला याहून शुभ नाव कुठले!

अडचण एकच होती. आई.

आई शहात्तर वर्षांची आहे. प्रकृती खणखणीत. पंढरीची वारी तिने पायी केलेली आहे आणि अजूनही बाजारात जाताना रिक्षा केली तर ती माझ्याकडे अशा नजरेने पाहते, की मी घर गहाण टाकल्याचा मलाच संशय यावा. म्हणजे चालण्याची चिंता नव्हती. चिंता होती पाण्याची. आईचे माहेर धरणात गेले. कोराडीच्या नव्हे, दुसऱ्या. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा होतो. घरे, मळा, विहीर, सारे पाण्याखाली गेले आणि गावाला चारपाच किलोमीटरवर माळावर नवी जागा मिळाली. सरकारी कागदावर गावाच्या नावामागे 'नवे' हा शब्द लागला. माझा मामा तिथे राहतो. दरवर्षी भाऊबीजेला तो आमच्याकडे येतो, आई त्याला ओवाळते, डब्यात अनारसे बांधून देते. पण ती स्वतः त्या नव्या गावात एकदाही गेली नाही. मामाच्या मुलीच्या लग्नालाही नाही. "तिथं माझं काय हाय?" एवढेच म्हणते. आमची एस.टी. त्या धरणाच्या भिंतीजवळून जाते, तेव्हा ती पदर डोळ्यांवर ओढून झोपल्याचे सोंग घेते. आम्ही ते सोंग आहे हे ओळखून गप्प बसतो.

"मी काय करू पाण्यात येऊन?" ती म्हणाली. "तुमी जा. मी घर पाह्यते."

सौभाग्यवतीने मग सासूचा कच्चा दुवा धरला. "आई, तिथं सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. शिवाजी महाराजांनी बांधलेलं."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चिवडा किती लागेल?"

मेहकरहून पुणे, पुण्याहून रात्रीच्या बसने पणजी. या प्रवासाचे वर्णन मी करीत नाही. ज्याने रात्रीच्या बसचा प्रवास केला आहे त्याला ते नको असेल, आणि ज्याने केला नाही त्याचा उत्साह मी का घालवू? भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. पणजीत खिडक्यांतून आकाशकंदील अजून लोंबत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सिटीबसने आम्ही जुने गोवे गाठले. दहा किलोमीटरचे अंतर. सेंट झेवियरच्या चर्चसमोर सहलींच्या बसगाड्यांची रांग लागली होती. आम्ही ती ओलांडून उलट दिशेला, नदीकडे वळलो. वाटेत दगडी कमान लागते. वास्को द गामाचा पणतू गोव्याचा व्हाइसरॉय असताना १५९९ साली ती उभारली. त्या काळी नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरला की या कमानीखालून शहरात शिरायचा. पुढे रोगराईने हे शहर ओस पडले, राजधानी पणजीला गेली, आणि आता त्या कमानीखालून मासळीच्या टोपल्या, स्कूटरी आणि आमच्यासारखे पिशव्या सांभाळणारे पाहुणे जातात. माझ्या मते कमानीची उन्नतीच झाली म्हणायची.

फेरीबोट म्हणजे काही फार देखणी वस्तू नव्हे. लोखंडाचा सपाट तराफा, वर चालकाची खोली, दोन्ही टोकांना खाली पडणारी फळी. फळी काठाला टेकली की स्कूटरी आधी उतरतात, मग माणसे. मग या काठच्या स्कूटरी चढतात, मग माणसे. शाळेतली मुले दप्तरे घेऊन कठड्याशी उभी होती. त्यांना या प्रवासाचे काहीच अप्रूप नव्हते. आमच्याकडची मुले सायकलवरून पूल ओलांडतात तशी ती नदी ओलांडत होती. तिकीट मागायला कुणी आले नाही. चिरंजीव म्हणाले, "म्हणजे विवेकानंद इथे असते तर त्यांना पोहावं लागलं नसतं!"

वाचकांपैकी काहींना हा संदर्भ लागणार नाही. पण हिवरा आश्रमातले शेंबडे पोरही हे जाणते. १८९२ च्या डिसेंबरात स्वामीजी कन्याकुमारीला पोहोचले, तेव्हा समोरच्या खडकावर जायला होडीवाल्याला द्यायला त्यांच्याजवळ पैसे नव्हते, म्हणून ते पोहत गेले अशी गोष्ट आहे. चिरंजीवांच्या या शेऱ्याने आई हसली. तोवर ती बोटीच्या बरोबर मध्यभागी, दोन स्कूटरींच्या मध्ये, पाण्याकडे पाठ करून उभी होती.

पाचसात मिनिटांत दिवाडीचा काठ आला. फळी पडली आणि आम्ही एका सरळ रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना सपाट शेते, मधूनच पाण्याची तळी, त्यांत बगळे. ही खाजन जमीन. भरतीच्या पाण्याखाली जाणारी ही जमीन इथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांध घालून मिळवली. बांधात लाकडी दारे बसवलेली असतात, त्यांना मानस म्हणतात. युक्ती मोठी साधी आहे. ओहोटी लागली की शेतातले पाणी दाराला ढकलून नदीत जाते. भरती आली की नदीचे पाणी बाहेरून दाबते आणि दार आपोआप मिटते. खारे पाणी आत येत नाही. अशा जमिनीत कोरगुट नावाचा खारेपणा सोसणारा भात पिकवतात. हा सारा कारभार पूर्वीपासून गावकीचा. बांध फुटला तर सगळ्या गावाचे नुकसान, म्हणून बांध राखायचा तोही सगळ्या गावाने.

मी हे व्याख्यान चालता चालता देत होतो. कन्या फोटो काढत होती, चिरंजीव खेकडे शोधत होते. ऐकत होती फक्त आई. ती बांधाशी थांबली, वाकून त्या दाराकडे पाहू लागली.

"म्हंजे हे धरण पाणी भाईर ठेवते?"

"हो."

"आपल्याकडचं आत ठेवते."

"हो."

"अन् गाव?"

मी म्हणालो, "गाव इथंच राहतं."

ती पुढे काही बोलली नाही. पण मला उगाच वाटले, की वीस वर्षे वर्गात मी ज्याला 'विरोधाभास' म्हणून फळ्यावर लिहीत आलो, त्याचे याहून चांगले उदाहरण मी कधी दिले नव्हते.

चढ चढून पिएदाद गावात पोहोचायला आम्हाला पाऊण तासाहून जास्त वेळ लागला. पोर्तुगीज वळणाची घरे, पुढे कठडे असलेले ओटे, दारात तुळशीवृंदावन नाहीतर क्रूस. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी इथे बोंदेरा नावाचा सण असतो. वाड्यावाड्यांत हद्दीवरून पूर्वी भांडणे होत, हद्दीला निशाणे लावीत; त्या भांडणांची आता मिरवणूक झाली आहे. भांडणाचे असे सोने करायला शहाणपण लागते. आमच्याकडे बांधाच्या भांडणाचे अजून कोर्टच होते.

टेकडीवरच्या चर्चपाशी उभे राहिले की मांडवीचे पात्र दोन हात पसरल्यासारखे दिसते आणि पलीकडे जुन्या गोव्याचे पांढरे मनोरे नारळीच्या झाडांतून डोके वर काढतात. ही जागा पूर्वी गणपतीच्या देवळाची होती. ते मोडले गेले, गणपती फिरत फिरत अखेर खांडोळ्याला गेला. चर्चशेजारच्या स्मशानभूमीत कदंब राजांच्या काळच्या देवळाचा एक कोरीव भाग अजून उभा आहे. त्याची आता प्रार्थनेची खोली झाली आहे. सौभाग्यवती म्हणाली, "छत तर अगदी आपल्या हेमाडपंती देवळासारखं!" आणि तिथल्या थंडाव्यात आम्ही काही वेळ उगाच उभे राहिलो. कुणाची म्हणून ही जागा, असा प्रश्न तिथे सुचत नाही.

खाली उतरताना एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी बाई झगा घालून चिंचा सोलत बसली होती. आईला पाहून ती म्हणाली, "खंयच्यान आयल्यात?" आईने उत्तर दिले, "बुलडान्याहून." दोघींनाही एकमेकींचे पुरते कळले नाही आणि दोघींचेही समाधान झाले. आई ओट्यावर टेकली. बाईने विचारले, "उदक जाय?"

आई चमकली. "पाणी म्हंते काय?" तिने मला विचारले. कोकणीत पाण्याला उदकच म्हणतात असे मी सांगितले. तांब्या आला. आईने पाणी प्याले, चिवड्याची पुडी त्या बाईच्या हातात ठेवली, आणि रस्त्याला लागल्यावर बऱ्याच वेळाने स्वतःशीच म्हणाली, "आपल्यात उदक सोडतात फक्त. इथं पितात."

दान देताना हातावर उदक सोडतो आपण; म्हणजे ती वस्तू आता माझी नाही. माहेरावर आईने असेच उदक सोडले आहे, असे मी इतकी वर्षे समजत होतो. खरे सांगायचे तर तसे समजणे मला सोयीचे होते. त्यामुळे मला काही विचारावे लागत नव्हते.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे नावाचे गाव आहे. तिथवर सगळे चालणे झाले नसते. अर्ध्या वाटेत एका टेंपोवाल्याने आम्हाला पाठीमागे बसवून घेतले आणि पैसे घेतले नाहीत. या नार्व्याला सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ होते. गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. आपल्या नाण्यांवरही ते याच देवाच्या कृपेचा उल्लेख करीत. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी देऊळ मोडले, त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पुन्हा पाडले. आता तिथे पायऱ्यांचे जुने तळे आहे; त्याला कोटितीर्थ म्हणतात. लिंग म्हणे एका विहिरीवर दगड म्हणून वापरले जात होते. मग नदीपलीकडच्या भाविकांनी ते रातोरात उचलले, होडीतून पार नेले आणि डिचोलीच्या बाजूला डोंगराच्या कुशीत ठेवले. त्या मुलखावर पोर्तुगिजांचा अंमल नव्हता.

ही हकीकत मी तळ्याच्या पायरीवर बसून सांगितली. मग आम्ही धक्क्यावर आलो. इथूनही फेरीबोट सुटते. सकाळच्या बोटीइतकी गर्दी तिच्यात नव्हती. या वेळी आई मध्यभागी उभी राहिली नाही. ती सरळ कठड्याशी गेली आणि पाण्याकडे पाहत राहिली.

"देव असाच नेला असंल?"

"असाच. होडीतून."

"रातच्याला?"

"तसं सांगतात."

इंजिनाच्या आवाजात तिचे पुढचे बोलणे ऐकायला मला जवळ जावे लागले. ती मारोतीचे सांगत होती. गाव उठले तेव्हा मारोती कुणी उचलायचा यावर तीन दिवस पंचायत बसली होती. शेंदराचे थर इतके, की दगड केवढा आणि शेंदूर किती हे कळेना. शेवटी बैलगाडीत कडबा पसरून त्यावर देव निजवला. माझे आजोबा गाडीच्या बाजूने, देवावर हात ठेवून, चार-पाच किलोमीटर चालत गेले. बायका शिवेपर्यंत गेल्या आणि परतल्या. आई परतल्यावर तिच्या आईने स्वयंपाकघरातला पाटा काढून तिला दिला. "हा तू ने. नव्या घरात मले नाही वाटवणार."

आमच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक झिजलेला पाटा आहे. मिक्सर आल्याला पंधरा वर्षे झाली, पण तो पाटा आई हलवू देत नाही. आम्ही तिच्या हट्टावर हसतो. तो पाटा त्या घरातला आहे हे मला शेचाळीसाव्या वर्षी, मांडवी नदीच्या मध्यावर कळले. माहेरवाशिणींच्या ओव्या मी वीस वर्षे शिकवतो आहे. परीक्षेला दरवर्षी प्रश्न असतो, 'लोकगीतांतील माहेराचे चित्रण स्पष्ट करा'. मुले लिहितात, मी गुण देतो. घरातल्या माहेरवाशिणीला मात्र मी एकदाही विचारले नव्हते, की तुझे घर कसे होते.

बोट पलीकडच्या काठाला लागली. धक्क्यावरच्या पाटीकडे बोट दाखवून आईने नातीला विचारले, "काय लिह्यलं हाय?"

"नार्वे."

"अन् तिकडचं?"

"तेही नार्वेच, आजी. देव इकडे आला, तेव्हा गावाचं नावही इकडे आलं."

"नवं नार्वे नाही?"

"नाही. नुसतं नार्वे."

आईने मान हलवली. सरकारी कागदावरच्या त्या 'नवे' शब्दाचा तिच्या मनात किती वर्षांचा राग असेल, ते मला त्या मान हलवण्यातून कळले.

तसे पाहिले तर ही रीत जगभरची आहे. भाची ज्या ग्रीसमध्ये हिंडली, त्या देशात १९२२-२३ साली आशिया मायनरमधून लाखो ग्रीक निर्वासित आले. त्यांचे स्मर्ना शहर पेटले होते. अथेन्सच्या कडेला त्यांनी वस्ती केली आणि तिला नाव दिले नेआ स्मिर्नी, म्हणजे नवे स्मर्ना. गाव सोडताना माणसे भांडीकुंडी नेतात, देव नेतात, आणि नाव नेतात. भांडी फुटतात. देव आणि नाव टिकते.

सप्तकोटेश्वराचे देऊळ धक्क्यापासून थोडे आत, झाडीत आहे. डामडौल काही नाही. समोर दीपस्तंभ, कौलारू उतरते छप्पर, मध्ये बुटका घुमट. दारावर शिलालेख आहे: शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. शिवाजी महाराजांनी देवळाच्या जीर्णोद्धाराला आरंभ केला तो हा दिवस. दिवाळी नुकती सरलेली असणार. मराठी मुलखाच्या राजाने परक्या सत्तेच्या तोंडासमोर, एका उठवलेल्या देवाला पक्के घर दिले. अलीकडे गोवा सरकारने देवळाची डागडुजी केली आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुले झाले. साडेतीनशे वर्षांनंतरही घर पक्केच आहे.

गाभाऱ्यातले लिंग गोल गुळगुळीत नाही, त्याला पैलू आहेत. धारालिंग म्हणतात त्याला. आई बराच वेळ हात जोडून उभी होती. मला आमचा मेहकरचा बालाजी आठवला. तोही असाच शतकानुशतके जमिनीखाली दडून होता. १८८८ साली खोदताना सापडला. इंग्रज अंमलदार मूर्ती विलायतेला नेतील या धास्तीने लोकांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठा केली, असे आमच्याकडे सांगतात. एका देवाने मातीचा आसरा घेतला, एकाने पाण्याची वाट धरली. माणसांपुढेही हेच दोन मार्ग असतात. आईने पहिला धरला होता; सारे आत पुरून टाकले होते.

परतीच्या फेरीला संध्याकाळ झाली. दिवाडीच्या काठावर एकेक दिवा लागत होता. दीपवती हे नाव कुणी दिले असेल ते असो, त्याने ते याच वेळी, याच बाजूने पाहून दिले असावे. चिरंजीव माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपले. आई कठड्याशीच उभी होती. कुणी काही बोलले नाही. अशा वेळी प्राध्यापकाने गप्प बसणे हे त्याच्या हातून घडणारे एकमेव सत्कार्य असते.

घरी आल्यावर आठ-दहा दिवस आम्ही शेजाऱ्यांना बेट सांगितले, फोटो दाखवले, आणि विसरलो. आई त्याबद्दल काही बोलली नाही. चैत्र आला. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री ती जेवताना म्हणाली, "उद्या सकाळची गाडी किती वाजता हाय?"

"कुठली गाडी?"

"माझ्या गावाची."

घास माझ्या हातात तसाच राहिला. सौभाग्यवतीने मला टेबलाखालून पाय मारला आणि सहज आवाजात वेळ सांगितली.

आम्ही दोघे गेलो. धरणाच्या भिंतीजवळ गाडी आली, तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे पाहिले. पदर डोळ्यांवर जातो की नाही ते मला पाहायचे नव्हते. मग माझ्या दंडाला तिचे बोट लागले. "त्या बाभळीच्या सरळ रेषेत पाह्य. तिथं मळा होता. अन् त्याच्या अलीकडं विहीर." मी पाहिले. चैत्रातले उतरलेले पाणी, बाकी काही नव्हते. पण मी मान डोलावली, आणि मला विहीर दिसली म्हणालो तर ते अगदी खोटे नव्हते.

मामा फाट्यावर उभा होता. पासष्टीचा तो माणूस बहिणीची पिशवी हातात घेताना लहान मुलासारखा अडखळला. गाव म्हणजे आखीव रस्ते, एकसारखे प्लॉट, सिमेंटची घरे. आता तिथे लिंबाची झाडे घरांहून उंच झाली आहेत. पस्तीस-छत्तीस वर्षांत झाडे वाढतातच. पाहणारा यायचा राहिला होता. मामी ओटी भरायला पुढे झाली. आईने तिला थांबवले. "आधी मारोती."

देवळापुढे जन्माचे कीर्तन संपत आले होते. आईने रुईची माळ वाहिली, शेंदराला हात लावून तो कपाळाला लावला. मग दोन पावले मागे येऊन तिने देवाकडे पाहिले, रस्त्याकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले, आणि सगळ्या गावकऱ्यांदेखत म्हणाली, "मारोती तोच हाय. पण तोंड काऊन इकडं केलं? आपला मारोती दक्षिणेकडं पाह्यत होता!"

यावर तिथे जी चर्चा पेटली ती आम्ही निघेपर्यंत संपली नव्हती. एक म्हातारा आईच्या बाजूने होता, दोघे विरुद्ध. रस्ता उत्तरेला होता म्हणून तसे केले, असे मामाचे म्हणणे. आई जमिनीवर बसून, चहाचा कप हातात घेऊन, हिरिरीने भांडत होती. पस्तीस वर्षांनी माहेरी आलेली बाई माहेरच्यांशी भांडते आहे, याहून प्रसन्न विषय मला तरी दुसरा ठाऊक नाही. संपादकांनी रागावू नये.

परवा भाचीचा जर्मनीहून फोन आला होता. पुढच्या वर्षी ती हिवाळ्यात येणार आहे. "मावशीआजी, तुमच्या बेटाचे फोटो पाहिले. मलाही घेऊन चला."

आई म्हणाली, "बेट काय, केव्हाही पाह्यशील. तू ये, तुले माझं माहेर दाखवते."

"तिथंही बोटीने जायचं?"

"नाही गं बाई. बोट कायले लागते? दिवसातून दोनदा एस.टी. जाते."